आयोवा सिटी: डाउनटाउनमध्ये राहावं की नदीपलीकडे?

मुक्ता_०७
नमस्कार मंडळी. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या आयोवा सिटीला येतोय. मला विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये पोस्टडॉक मिळालीय, नवरा घरून काम करतो. लेक सप्टेंबरच्या शेवटी पाच वर्षांची होईल. दिवाळी झाली की सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. गाडी नाही, आणि पहिल्या वर्षी घ्यायचीही नाही.
तीन घरं नजरेत आहेत. पहिलं डाउनटाउनमध्ये, पेड मॉलला (गाड्या बंद असलेला, फक्त पायी फिरायचा बाजार-चौक) अगदी लागून, चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूम, लहान आणि महाग. दुसरं नदीच्या पश्चिमेला, हॉस्पिटलपासून चालत जाण्याजोगं, मोठं आणि स्वस्त, पण फोटोंत आजूबाजूला नुसते पार्किंग लॉट दिसतात. तिसरं नॉर्थसाइडला, एका जुन्या लाकडी घराचं तळघर, सगळ्यात स्वस्त. तिथे राहिलेल्यांनी जरा मोकळेपणाने लिहा. पुराबद्दलही बरंच वाचलंय, त्याची धास्ती आहे.

कणसातला_माणूस
स्वागत! मी इथे बराच काळ आहे, आधी डाउनटाउनला होतो, आता नॉर्थसाइडला.
आधी गावाचा भूगोल डोक्यात बसवा, नाहीतर नकाशा फसवतो. आयोवा नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि विद्यापीठ दोन्ही काठांवर पसरलंय. पूर्वेला टेकाडावर पेंटाक्रेस्ट, म्हणजे मधोमध सोनेरी घुमटाचं ओल्ड कॅपिटल (राज्याचं जुनं विधानभवन) आणि चार कोपऱ्यांत चार इमारती. १८५७ मध्ये राजधानी डी मॉइनला गेली आणि ही इमारत विद्यापीठाला मिळाली. तिच्या पायऱ्यांवरून क्लिंटन स्ट्रीट ओलांडला की समोर डाउनटाउन. विद्यापीठ आणि बाजार यांच्यात भिंत नाही, फाटक नाही. पश्चिमेला हॉस्पिटल, मेडिकल, लॉ आणि विद्यापीठाचं फुटबॉलचं किनिक स्टेडियम, तेही चढावरच. म्हणजे डाउनटाउनहून हॉस्पिटलला पायी जायचं तर आधी नदीपर्यंत उतार, मग पूल, मग पुन्हा चढ. एरवी पंचवीसेक मिनिटं लागतात. जानेवारीत बर्फ गोठलेला असताना तो उतार बघूनच माणूस बसस्टॉपकडे वळतो.
बसची मात्र चंगळ आहे. कॅम्बस ही विद्यापीठाची बससेवा १९७२ पासून चालू आहे, बस चालवणारे बहुतेक विद्यार्थीच, आणि कोणीही फुकट बसू शकतं, ओळखपत्र दाखवावं लागत नाही. सासूबाईसुद्धा. शहराची बसही ऑगस्ट २०२३ पासून बिनतिकीट केलीय. फक्त सुट्ट्यांमध्ये कॅम्बसच्या फेऱ्या कमी होतात आणि पोस्टडॉकला विद्यार्थ्यांची सुट्टी नसते! डिसेंबरअखेरचं वेळापत्रक आधी बघून ठेवा.
आता आवाज. बार रात्री दोनला बंद होतात. २०१० पासून गावात नियम आहे की २१ वर्षांखालच्यांनी रात्री दहानंतर बारमध्ये थांबायचं नाही. त्यावर मतदान होऊनही नियम टिकला. त्याआधीचं डाउनटाउन ज्यांनी पाहिलंय ते आताच्याला शांत म्हणतात. तुम्ही म्हणाल की नाही, ते खिडकी कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरेल. चौथा मजला असला तरी तोंड पेड मॉलकडे असेल तर गुरुवार ते शनिवार झोपेचं काही खरं नाही. मागच्या गल्लीकडे असेल तर पहाटे कचऱ्याची गाडी येते, तेवढंच.

तिरसट
चार वाक्यांत सांगतो. रविवारी सकाळी डाउनटाउनच्या फुटपाथवर बिअरचा वास असतो. भाडं जास्त, खोली लहान. शेजारी दर वर्षी बदलतात आणि दर वर्षी वीस वर्षांचेच राहतात. लहान मूल घेऊन तिथे कशाला जायचं?

निळाई
तिरसट, तुमचं नाव सार्थ आहे :)
मुक्ता, आम्ही मूल लहान असताना दोन वर्षं डाउनटाउनमध्ये होतो, म्हणून माझं ऐक. इथे लोक घर बघताना चौरस फूट बघतात आणि बेडरूम मोजतात. सासूबाई दिवसभर काय करणार, हे कोणी मोजत नाही. माझे आई-बाबा पहिल्या खेपेला आले तेव्हा आम्ही शेजारच्या कोरलव्हिल गावाच्या बाजूला मोठ्या घरात होतो. बाबांना गाडी चालवता येत नाही, फुटपाथ मध्येच संपायचा, जवळचं दुकान सहा पदरी रस्त्यापलीकडे. दुपारी दोघं खिडकीतून बाहेर बघत बसायचे आणि आम्ही घरी आलो की आमच्याकडे बघायचे. दुसऱ्या खेपेला आम्ही डाउनटाउनच्या त्या खुराड्यात होतो आणि बाबा सकाळी नऊला बाहेर पडायचे ते जेवायलाच परत! पब्लिक लायब्ररी पेड मॉलवरच आहे. तिथे वर्तमानपत्रं, गरम हवा, स्वच्छ संडास, आणि कोणी 'काय पाहिजे' म्हणून विचारत नाही. उन्हाळ्यात बाहेर कारंजं असतं, पोरं त्यात भिजत असतात आणि बाकांवर बसलेले लोक आपण होऊन बोलतात. बाबांचं इंग्रजी बेताचं, तरी त्यांच्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त झाल्या.
लेकीसाठीही तेच. लायब्ररीचा मुलांचा विभाग उत्तम आहे, गोष्टींचे तास फुकट असतात. खेळायची जागा पेड मॉलवरच. विद्यापीठाच्या स्टॅन्ली कला म्युझियममध्ये जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचं १९४३ सालचं भिंतभर चित्र आहे, प्रवेश फुकट. माझ्या मुलाने त्याच्यासमोर लोळण घेतली होती आणि तिथल्या बाई नुसत्या हसल्या.
मे महिन्यात परीक्षा संपल्या की ऑगस्टपर्यंत गाव निम्मं रिकामं होतं. वस्तीच मुळात पाऊण लाखाच्या घरात, त्यात विद्यार्थी तीस हजारांच्या आसपास. ते गेले की काय राहतं? जूनमधलं डाउनटाउन म्हणजे स्वर्ग. शुक्रवारी संध्याकाळी पेड मॉलवर गाणं, कला महोत्सव, जुलैत जॅझ. तिरसट यांनी हे लिहिलं नाही.

तिरसट
लिहिलं नाही कारण जून एकच महिना असतो.

पश्चिमकाठ
मी हॉस्पिटलमध्येच आहे. मुक्ता, तुमच्या प्रयोगांच्या वेळा कशा असतील ते बघा. रात्री अकराला पेशींना खाद्य घालायला जावं लागत असेल तर घर लॅबजवळ असणं ही चैन नाही, गरज आहे. तेव्हा बसही क्वचित असते. पश्चिमेला रात्री सातनंतर चिटपाखरू नाही हे मान्य, पण झोप होते.
पश्चिमेची खरी परीक्षा शरदातल्या शनिवारी. किनिकमध्ये सामना असला की ६९ हजारांच्या आसपास माणसं आणि त्यांच्या गाड्या हॉस्पिटलच्या अंगणात येतात. लोक घरापुढची हिरवळ पार्किंगला भाड्याने देतात. त्या दिवशी इकडून तिकडे जायचा विचार करू नका. मात्र पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतं. वरच्या मजल्यावर आजारी पोरं काचेला नाक लावून उभी असतात. २०१७ पासून हे चाललंय. मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढ्यासाठी मी जातो.

कणसातला_माणूस
+१. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच मैदानात मुलींच्या बास्केटबॉलला ५५,६४६ लोक आले होते, विद्यापीठाची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क खेळत होती म्हणून. डाउनटाउनला त्या दिवशी चहा प्यायला जागा नव्हती.

मुक्ता_०७
निळाईताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी घर ठरवून टाकलंय :) नवरा मात्र 'खुराडं' या शब्दावर अडकलाय, दिवसभर घरात तोच असणार.
पश्चिमकाठ, माझ्या प्रयोगांना रात्री जावं लागेल, पण रोज नाही.
दोन प्रश्न राहिले. पूर आला तर डाउनटाउन बुडतं का? आणि त्या तळघराबद्दल कोणीच काही बोललं नाही. भाडं खूपच कमी आहे हो.

कणसातला_माणूस
डाउनटाउन टेकाडावर आहे, बुडत नाही. बुडतो तो काठ.
जून २००८ मध्ये पाणी ३१.५३ फुटांवर गेलं होतं. पुराची पातळी २२ फुटांना धरतात, यावरून अंदाज घ्या. वर कोरलव्हिल धरण आहे, १९५८ साली पुरं झालेलं. त्याच्या सांडव्यावरून पाणी जाण्याची पाळी १९९३ मध्ये आली आणि पुन्हा २००८ मध्ये. धरण पूर अडवतं हे खरं, पण भरल्यावर ते काही अडवू शकत नाही, आलेलं पाणी खाली सोडतं. विद्यापीठाच्या वीसहून जास्त इमारतींत पाणी शिरलं. मुख्य ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तकं आणि जुने कागद विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी, गावातल्या लोकांनी रांगा लावून हातोहात वर चढवले. हँचर हे नाट्यगृह इतकं खराब झालं की पाडावंच लागलं. नवं जरा उंचावर बांधलं, ते उघडलं २०१६ मध्ये. संगीत विभागाने तर नदीकाठ सोडलाच, त्यांची नवी इमारत आता डाउनटाउनमध्ये बर्लिंग्टन आणि क्लिंटनच्या कोपऱ्यावर आहे. संध्याकाळी तिथून जाताना आतलं वाजवणं ऐकू येतं. पुराने डाउनटाउनला दिलेली ही एक भेटच म्हणायची. वर निळाईने लिहिलेलं म्युझियमही तसंच. जुन्या इमारतीतून चित्रं वेळेवर हलवली म्हणून वाचली, पण त्यांना स्वतःचं घर मिळायला २०२२ उजाडलं.
गावात शिरायचा डब्यूक स्ट्रीट तेव्हा पाण्याखाली गेला होता. नंतर तो उंच केला आणि पार्क रोडचा पूल नवा बांधला. तेव्हा नदीची काळजी घर घेताना करू नका. करायचीच तर राल्स्टन क्रीकची करा. डाउनटाउनच्या पूर्वेकडून जाणारा तो ओढा एरवी घोट्याएवढा असतो, पण जोराचा पाऊस झाला की त्याच्या काठच्या तळघरांना पंप लागतात.

रानमांजर
तळघराबद्दल मी लिहिते, मी राहिलेय.
१. रेडॉन. हा वायू जमिनीतून येतो, वास नाही, रंग नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीमुळे आयोवात तो अमेरिकेत सर्वाधिक आहे, घरांची सरासरीच धोक्याच्या पातळीच्या वर. सिगारेटखालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण हेच आहे. पर्यावरण खात्याने धरलेली ही धोक्याची पातळी ४ पिकोक्युरी प्रति लिटर. घरमालकाला थेट विचारा, शेवटची तपासणी कधी झाली, आकडा किती आला, उपसायचा पंखा बसवलाय का. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडा. चौथ्या मजल्यावर हा विषयच नाही.
२. खिडकी. आग लागली तर झोपायच्या खोलीच्या खिडकीतून माणूस बाहेर पडता आला पाहिजे. माझ्या खोलीची खिडकी एवढी होती की त्यातून मीही गेले नसते, आणि मी मांजर आहे.
३. घराला शहराचं भाड्याचं परमिट आहे का ते बघा. शहराचे लोक भाड्याची घरं तपासतात.
एक फायदाही सांगते. टॉर्नेडोचा भोंगा वाजला की बाकीचे जिने उतरत असतात, तुम्ही आधीच खाली. हसू नका, १३ एप्रिल २००६ च्या संध्याकाळी टॉर्नेडो थेट गावातून गेलाय. सेंट पॅट्रिक चर्च गेलं, विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहाची भिंत गेली. चौथ्या मजल्यावर राहाल तर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना जिना दाखवून ठेवा. लिफ्ट नाही, जिना. आणि भोंग्याची चाचणी महिन्यातून एकदा निरभ्र आकाशाखाली होते, तीही सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी घाबरतील.

घाटावरचा
थोडं अवांतर. एवढा वेळ कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हे लेखकांचं गाव आहे. विद्यापीठाचं रायटर्स वर्कशॉप, म्हणजे लेखन शिकवणारा अभ्यासक्रम, १९३६ चं, आणि १९६७ मध्ये पॉल एंगल आणि हुआलिंग निए या दोघांनी सुरू केलेला आंतरराष्ट्रीय लेखनाचा उपक्रम वेगळा. त्यात जगभरचे लेखक शरदात येऊन राहतात. आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात इथे होते. मी पहिल्या हिवाळ्यात आयोवा अ‍ॅव्हेन्यूवरून चालताना उगाच विचार करायचो की मुंबईच्या उकाड्यातला हा माणूस इथे जानेवारीत काय पांघरत असेल.
त्याच रस्त्याच्या फुटपाथवर लेखकांच्या ओळी ब्राँझच्या पट्ट्यांवर कोरून बसवल्यात. २००८ साली युनेस्कोने गावाला साहित्यनगरी केलं, म्हणजे ज्या वर्षी पूर आला त्याच वर्षी. प्रेअरी लाइट्स हे पुस्तकांचं दुकान १९७८ पासून आहे. संध्याकाळी वर लेखक वाचतात, तिकीट नाही. खुर्च्यांवर निम्मे विद्यार्थी, निम्मे म्हातारे. डाउनटाउनला राहण्याचं माझं कारण एवढंच आहे. चप्पल घालून वाचन ऐकायला जाता येतं. पश्चिमेला राहिलो असतो तर बसची वेळ बघितली असती आणि गेलो नसतो.

तिरसट
चप्पल? जानेवारीत?

घाटावरचा
मोजे घालून.

पश्चिमकाठ
धागा साहित्याकडे गेला, आता परत येत नाही.

निळाई
आणते परत. मुक्ता, दोन गोष्टी कोणी बोललं नाही.
एक, शाळा. आयोवात किंडरगार्टनला १५ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण लागतात. तुझी लेक शेवटी होतेय म्हणालीस, म्हणजे यंदा नाही बसणार. चार वर्षांच्यांसाठी राज्याची फुकट बालवाडी आहे, पण आठवड्याला दहाच तास. बाकी वेळेची डेकेअर आतापासून बघ, याद्या लांब असतात. पुढच्या वर्षी शाळा घरावरून ठरेल. नॉर्थसाइडजवळची मान शाळा डाउनटाउनच्या बऱ्याच घरांपासून चालत जाण्यासारखी आहे. तुझा पत्ता नेमका कुठल्या शाळेत पडतो ते मात्र इथल्या शाळा चालवणाऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयाला विचार.
दोन, सासूबाई. दिवाळीनंतर आणू नकोस गं! नोव्हेंबर ते एप्रिल म्हणजे नेमके तेच सहा महिने, ज्यात त्या डाउनटाउनचाही उपयोग निम्माच. थंडीची लाट आली की उणे २५ च्या खाली जातं. फुटपाथ बर्फ थांबल्यावर २४ तासांत साफ करायचा असा शहराचा नियम आहे, पण साफ केलेल्यावर रात्री पाणी गोठतं त्याचं काय? सत्तरीच्या माणसाचं हाड मोडायला तेवढं पुरतं. तिकीट बदलता येत असेल तर एप्रिलअखेर आण. मग मे ते ऑक्टोबर, रिकामं गाव, शनिवारचा शेतकरी बाजार, सगळं मिळेल.

मुक्ता_०७
अरे देवा. तिकीट अजून काढलेलं नाही, बरं झालं विचारलं. घरात हा विषय कसा काढायचा ते आता नवऱ्यावर सोडते, आई त्याची आहे.

भाडेकरू_कायमची
लीजवर (भाडेकरारावर) सही करायच्या आधी तारखा बघितल्यास का? या गावात जवळपास सगळ्या लीज १ ऑगस्टला सुरू होतात आणि जुलै संपायच्या आधीच्या आठवड्यात कधीतरी संपतात. मधले दिवस घरमालक रंगरंगोटी करतात आणि भाडेकरू सामान मित्राच्या गॅरेजमध्ये टाकून स्वतः सोफ्यावर. पहिल्या वर्षी तुला हे जाणवणार नाही, पुढच्या वर्षी घर बदललंस तर जाणवेल. आणि 'पुढच्या वर्षीही राहणार का' हे तुला थंडी पडायच्या आतच विचारतील, तेव्हा तू नीट सामानही लावलेलं नसेल. घाई करून हो म्हणू नकोस, पण उत्तर द्यायची तारीख चुकवूही नकोस.
डिपॉझिट कायद्याने दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर सोडताना पुढचा पत्ता लेखी दे. तिथून ३० दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या पैशाचा लेखी हिशेब द्यायचा, असा राज्याचा नियम आहे. पत्ता दिला नाहीस तर तुझीच बाजू लंगडी. माझ्या एका घरमालकाने गालिचा धुण्याचे पैसे लावले होते. घरात गालिचा नव्हता. पहिल्या दिवशी काढलेले फोटो पाठवल्यावर पैसे आले. तेव्हा आल्या आल्या प्रत्येक भिंतीचा, ओव्हनच्या आतला, खिडकीच्या चौकटीचा फोटो काढ आणि त्याच दिवशी ईमेल कर.
हीटिंग भाड्यात आहे की वेगळं, हेही विचार. जुन्या लाकडी घरांत खिडक्यांतून वारा येतो आणि फेब्रुवारीचं बिल भाड्याच्या शेजारी बसतं. 'महाग' आणि 'स्वस्त' ठरव ते हे धरून.

रानमांजर
अनुमोदन. माझं स्वस्त तळघर फेब्रुवारीत स्वस्त नव्हतं.

मुक्ता_०७
सगळ्यांचे आभार. सद्यस्थिती अशी: तळघर कटाप. डाउनटाउनच्या घरमालकाला विचारलं, खिडक्या मागच्या गल्लीकडे आहेत, हीटिंग आणि पाणी भाड्यात. नवऱ्याचा एक मित्र तिथे आहे, तो शुक्रवारी रात्री बाराला जाऊन खाली उभा राहून आवाज ऐकून सांगणार आहे. नवऱ्याला दिवसा घरात कोंडल्यासारखं झालं तर लायब्ररीत बसून काम करता येतं का?

कणसातला_माणूस
येतं, वायफाय आहे. मीटिंग असेल तर अभ्यासाची खोली आधी राखून ठेवायची. परीक्षेच्या दिवसांत मात्र कुठेच जागा नसते.

मुक्ता_०७
छान. आणि फर्निचर? आम्ही चार बॅगा घेऊन येतोय.

भाडेकरू_कायमची
जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फुटपाथवर टेबलं, कपाटं, दिवे, सगळं ठेवलेलं असतं, कोणीही न्यावं. लाकडी आणि धातूचं बिनधास्त उचल. गादी आणि कापडी सोफा, कितीही नवा दिसला तरी, अजिबात नाही. ढेकूण.

पश्चिमकाठ
माझ्याकडे एक जेवणाचं टेबल आहे, चार खुर्च्यांसकट. पश्चिमेला आहे, पण आणून देईन. फक्त सामन्याचा शनिवार सोडून कुठलाही दिवस सांगा.